तरंगत्या लाकडी फरशीवर टाइल्स: ‘चांगला अ‍ॅडहेसिव्ह वापरला की झाले’ हा समज चुकीचा

लाकडी फरशी सपाट आणि घट्ट वाटत असेल, तर तिच्यावर भारी अ‍ॅडहेसिव्हने थेट टाइल्स बसवता येतात, हा समज बराच काळ टिकून आहे. मात्र येथे प्रश्न चिकटण्याचा नसून हालचालीचा आहे. तरंगती फरशी खालच्या जमिनीला खिळ्यांनी वा गोंदाने जोडलेली नसते. तिच्या पट्ट्या केवळ एकमेकींत अडकवून फोमच्या पातळ थरावर पसरलेल्या असतात आणि हवेतील दमटपणानुसार ती फुगते व आकसते, म्हणूनच भिंतीलगत साधारण 8 ते 10 मिलिमीटर फट मुद्दाम सोडलेली असते. शिवाय पाऊल पडताच फोम किंचित दबतो. लाकूड हे सोसते, टाइल सोसत नाही: आधी टाइल्समधील सांधे भरणारा मसाला, म्हणजे ग्राउट, तडकते, मग टाइल सुटते किंवा फुटते.

फरशीवर आधी सिमेंट बोर्ड (टाइल्सखाली घालायचा सिमेंटचा कडक तक्ता) स्क्रूने ठोकण्याचा उपायही फसवा आहे, कारण त्याने फरशी जखडली जाते, ती फुगून उचलली जाण्याचा धोका वाढतो आणि खालचा फोम मऊच राहतो. तरंगती फरशी काढून खालच्या काँक्रीटवर, किंवा खाली लाकडी पाया असल्यास तो पुरेसा ताठ करून त्यावर सिमेंट बोर्ड घालून, टाइल्स बसवाव्यात. सुदैवाने अशी फरशी उचकटणे फारसे कष्टाचे नसते.