पेरोव्हस्काइट स्फटिकांतील रेणवीय आयनांची हालचाल आणि प्रावस्था संक्रमण

पेरोव्हस्काइट हे मूळचे एका खनिजाचे, कॅल्शियम टायटॅनेटचे नाव. उरल पर्वतातील हे खनिज १८३९ मध्ये गुस्टाव्ह रोझे यांनी ओळखले आणि लेव्ह पेरोव्हस्की यांच्यावरून त्याचे नामकरण झाले. आज हे नाव संपूर्ण संरचनेलाच लागू होते : कोपऱ्याला कोपरा जुळवलेल्या अष्टफलकांची जाळी आणि मधल्या पोकळीत बसलेला आयन. कॅल्शियमसारखा गोल आयन कसाही बसला तरी फरक पडत नाही. पोकळीत रेणवीय आयन (अनेक अणू मिळून बनलेला आयन) असला, तर त्याचे तोंड कुठे आहे हा प्रश्न येतो.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे डीटर वेबर यांनी १९७८ मध्ये वर्णिलेले मिथिलअमोनियम लेड आयोडाइड. यात शिशाभोवती सहा आयोडाइड मिळून अष्टफलक होतो. पोकळीतील मिथिलअमोनियम आयनाच्या एका टोकाला कार्बन, दुसऱ्याला नायट्रोजन, आणि प्रत्येकावर तीन हायड्रोजन. नायट्रोजनचे टोक आयोडाइडशी हायड्रोजन बंध जोडू पाहते.

तापमानानुसार या स्फटिकाची रचना बदलते; अशा बदलाला प्रावस्था संक्रमण म्हणतात. सुमारे ५४° से.च्या वर हा स्फटिक घनीय (तिन्ही बाजू सारख्या) असतो. येथेच खरी गंमत आहे. अशा लांबट, दोन टोके वेगळी असलेल्या आयनाला घनाची सममिती मुळीच नाही. तरी स्फटिक घनीय दिसतो. याचा अर्थ आयन सतत दिशा बदलत असतो आणि मापनात फक्त त्याची सरासरी उमटते. ५४° से.खाली अष्टफलक एका अक्षाभोवती आळीपाळीने उलटसुलट मुरडतात व रचना चतुष्कोणीय (एक बाजू वेगळ्या लांबीची) होते. आयन हलत राहतो, पण त्याला काही दिशा अधिक सोयीच्या होतात. सुमारे −१११° से. (१६२ केल्विन) खाली जाळी इतर अक्षांभोवतीही कलते, पोकळी आवळते, रचना समचतुर्भुजी (तिन्ही बाजू वेगळ्या लांबीच्या, पण काटकोनात) होते आणि कार्बन-नायट्रोजन अक्ष जागच्या जागी अडकतो. तरीही आयन पूर्ण गोठत नाही : हायड्रोजनांची त्रिकुटे त्याच अक्षाभोवती उड्या मारत राहतात.

पहिले संक्रमण जवळजवळ अखंड असते, दुसरे एकदम होते. थंड करत गेल्यास डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप) वाढत जातो आणि १६२ केल्विनला धाडकन कोसळतो, कारण विद्युत क्षेत्रासरशी वळणारे द्विध्रुव, म्हणजे दोन टोकांना वेगळा विद्युत प्रभार असलेले हे आयन, आता वळूच शकत नाहीत.

ही हालचाल क्ष-किरणांना नीट दिसत नाही. शिसे व आयोडीन यांच्यापुढे हायड्रोजन झाकून जातो. म्हणून अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, न्यूट्रॉन प्रकीर्णन आणि अवरक्त वर्णपटविज्ञान यांचा आधार घेतला जातो. २०१५ मधील अवरक्त मापनांत कोठी तापमानाला सुमारे ०.३ पिकोसेकंदाचे (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग) डोलणे आणि सुमारे ३ पिकोसेकंदांची उडी आढळली. त्याच वर्षीच्या न्यूट्रॉन मापनांतून दिशा बदलण्याचा काळ सुमारे १४ पिकोसेकंद निघाला. आकडे वेगळे आले, कारण ही तंत्रे एकच गोष्ट मोजत नाहीत. ‘आयन भोवऱ्यासारखा फिरतो’ हे चित्र मात्र दिशाभूल करणारे आहे. तो एका दिशेत रेंगाळतो आणि मग उडी मारतो.

संक्रमण आयनामुळे होते की जाळीमुळे? सीझियम लेड ब्रोमाइडमध्ये रेणवीय आयनच नाही, तरी तो थंड होताना सुमारे १३०° से.ला चतुष्कोणीय आणि ८८° से.ला समचतुर्भुजी होतो. म्हणजे कलण्याची खोड जाळीचीच. रेणवीय आयन तिच्याशी जखडला जातो आणि संक्रमणाचे तापमान व तीव्रता बदलतो.

२००९ मध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमतेचा पेरोव्हस्काइट सौरघट दाखवल्यावर हा विषय प्रयोगशाळेबाहेर आला. उन्हातले पॅनेल ५४° से. सहज ओलांडते, पण त्या संक्रमणाने प्रकाशशोषण फारसे बिघडत नाही. मोठी अडचण उष्णतेने मिथिलअमोनियम निसटून मागे पिवळे लेड आयोडाइड उरण्याची आहे. त्याऐवजी फॉर्मॅमिडिनियम हा दुसरा रेणवीय आयन वापरला, तर हव्या असलेल्या काळ्या प्रावस्थेची कोठी तापमानाला पिवळी, निरुपयोगी प्रावस्था होते. त्यामुळे व्यवहारात पोकळ्यांत फॉर्मॅमिडिनियमबरोबर थोडे सीझियम मिसळून काळी प्रावस्था टिकवतात.