टोकाचे वजन आणि बाणाची चाल: पार्श्वभूमी

पारंपरिक धनुष्याला बाण जुळवताना आज पहिला प्रश्न येतो तो टोकाच्या वजनाचा: 100 ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम), 125 की आणखी जड? हा प्रश्न तसा अलीकडचा आहे. त्याआधी शतकानुशतके टोक निवडले जाई ते समोर काय आहे हे पाहून. चिलखत भेदायला निमुळते अणकुचीदार, शिकारीला रुंद पात्याचे, लांब पल्ल्याच्या नेमबाजीला हाडाचे हलके. वजनाचा परिणाम बाण घडवणाऱ्यांना हाताने कळत असणारच, पण त्याच्या नोंदी फारशा उरल्या नाहीत. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेत बाणांच्या हजारो दांड्या मिळाल्या. लोखंडी टोके मात्र जवळपास सगळी गंजून गेली होती. त्या बाणांच्या प्रतिकृती करताना टोकाचे वजन ठरवावे लागते, आणि अशा प्रतिकृतींवरून केलेले पल्ल्याचे दावे हे लक्षात ठेवूनच वाचावेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अतिजलद छायाचित्रण आले आणि चित्र पालटले. सुटलेला बाण वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो आणि मग उलट बाजूला वाकतो, हे डोळ्यांनी दिसले. दोरी मागून रेटत असते, पुढचे वजन जडत्वामुळे मागे राहू पाहते आणि मधल्यामध्ये दांडी वाकते. टोक जितके जड, तितका हा बाक मोठा. ज्या धनुष्याची मूठ मध्यरेषेपर्यंत कापलेली असते, तिथे वळशाची गरज फार कमी पडते. जुन्या घडणीच्या धनुष्यात मात्र बाणाला मूठ टाळूनच जावे लागते. म्हणून तिथे 25 ग्रेनचा फरकसुद्धा लक्ष्यावर दिसतो.

याच काळापासून दांडीचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, मोजायची रीत रुळत गेली. लाकडी दांडी 26 इंचांवरच्या दोन आधारांवर ठेवायची, मधोमध 2 पौंड टांगायचे आणि झोल मोजायचा. कार्बनसाठी 28 इंच आणि 1.94 पौंड. या मोजणीत टोक कुठेच नसते. सुटताना बाण प्रत्यक्षात किती ताठ वागेल हे दांडीची लांबी आणि टोकाचे वजन मिळून ठरवतात. त्यामुळे केवळ स्पाइनच्या तक्त्यावरून घेतलेला बाण बरोबरच निघेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

लाकडी बाणाचे टोक चिकटवलेले असे; बदलायचे तर तापवून काढावे लागे. ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या, पुढे त्यांत आट्यांचे इन्सर्ट, म्हणजे टोक फिरवून बसवायचे तुकडे, बसू लागले आणि टोक मिनिटाभरात बदलता येऊ लागले. माझ्या मते ट्यूनिंगच्या, म्हणजे बाण धनुष्याला जुळवण्याच्या, इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच. त्याची नेहमीची चाचणी अशी: पिसे नसलेला बाण पिसांच्या बाणांबरोबर मारायचा. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा तो बाण डावीकडे लागला तर दांडी जास्त ताठ आहे, टोक जड करून पाहा. उजवीकडे लागला तर ती मऊ आहे, टोक हलके करा किंवा दांडी थोडी कापा. कापलेली दांडी पुन्हा वाढत नाही, म्हणून आधी टोक बदलणेच शहाणपणाचे.

पण टोके सहज बदलता येऊ लागल्यावर एका आकड्याला अवास्तव महत्त्व आले: एफओसी (फ्रंट ऑफ सेंटर). बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे, त्याची ही टक्केवारी. मुळातच ती मोजण्यात घोळ आहे. समजा, नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून दांडीच्या शेवटापर्यंत 30 इंच आणि तोल 18 इंचांवर. मध्य 15, फरक 3, म्हणजे 10 टक्के. आता कोणी पुढचे 1 इंचाचे टोकही लांबीत धरले, तर मध्य 15.5, फरक 2.5, आणि त्याच बाणाचे झाले 8 टक्के. प्रचलित रीत दांडीच्या शेवटापर्यंतच मोजायची आहे, तरी दोन्ही आकडे सर्रास शेजारी ठेवले जातात.

दुसरा वाद त्याहून तापलेला. शिकारी तिरंदाजांमध्ये 19 टक्क्यांच्या पुढे गेल्यास बाण खोल शिरतो, असे मत जोर धरत गेले. वरचाच बाण 450 ग्रेनचा मानला आणि टोक 100 ग्रेनने जड केले, तर एफओसी 10 वरून सुमारे 17 होतो. पण बाणही 550 ग्रेनचा झाला, वेग कमी झाला आणि दांडी मऊ झाली. मग जे बदलले त्याचे श्रेय तोलाला द्यायचे की वजनाला? दोन्ही वेगळे न करता केलेल्या तुलना मला पटत नाहीत. तोल पुढे असला की पिसांना लांब तरफ मिळते आणि बाण लवकर सावरतो, हे खरेच. पण सुटताना बाण किती वाकेल, हे ती टक्केवारी सांगत नाही. आधी बाण सरळ उडू द्यावा, एफओसी जो येईल तो येऊ द्यावा.

रुंद पात्याच्या टोकांनी ही गोष्ट कायमच उघडी पाडली आहे. पुढची पाती हवेत पंखासारखी वागतात. बाण थोडा जरी तिरका सुटला तरी ती त्याला भरकटवतात. म्हणूनच अशा बाणांना मोठी, पीळ देऊन लावलेली पिसे असतात. एकाच वजनाचे साधे टोक आणि पात्याचे टोक वेगवेगळ्या जागी लागत असतील, तर दोष बहुतेक वेळा न जुळलेल्या दांडीचा असतो. पात्याचे टोक त्या जागी लागते म्हणून नेमच तेवढा सरकवून घेण्याची सवय मात्र अजूनही बरीच दिसते.