चराई बंद केली की कुरण सुधारतं? एक खुलासा

नागपूर-वर्ध्याकडे गावोगावी ऐकू येतं: कुरण गुरांनीच संपवलं, कायमचं कुंपण घाला. हे अर्धंच खरं आहे. कुरण संपतं ते गुरं रोज एकाच जागी चरल्यानं. कोवळा फुटवा पुन्हापुन्हा खुडला गेला की मारवेल, पवन्या या चाऱ्याच्या गवतांची मुळं खंगतात आणि गुरं तोंड न लावणारा तरोटा माजतो.

पण चराई पूर्ण थांबली तरी वाळक्या गवताचा थर साचतो, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, उन्हाळ्यात वणवा भडकतो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पक्षी-उद्यानात १९८२ साली चराई बंद झाली आणि पाणथळीत गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांची उघडी जागा घटली.

कुरणाचे किमान चार तुकडे पाडा. पहिल्या पावसात कुठेच गुरं सोडू नका. ओली काळी माती खुरांखाली दबून घट्ट होते. गवत गुडघ्याएवढं झालं की एक तुकडा खुला करा आणि चार इंच बुडखा उरताच गुरं हलवा. एक तुकडा बी पडेपर्यंत, साधारण दिवाळीपर्यंत, राखायचाच; दरवर्षी वेगळा. कुसळी गवत मात्र फुलण्याआधीच चारा किंवा कापा, नाहीतर त्याची कुसं जनावराच्या तोंडात रुततात.

३०० किलोच्या गवळाऊ गाईला दिवसाला साधारण साडेसात किलो कोरडा चारा लागतो; तेवढा मिळेनासा झाला की तुकडा बदलायचा. तुकडा कधी बदलायचा, हे एकट्या गुराख्यावर सोडू नका. दूध घटलं, शेण घट्ट पडू लागलं, हे गोठा सांभाळणाऱ्या घरच्या बाईला आधी दिसतं. तिला विचारूनच फाटक उघडा.