साध्या तापाला पण मेडिकलच काहून?

नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी चिठ्ठीच्या लाइनीत छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीची माणसं दिसतात, त्यांचं ठीक आहे, मोठ्या दुखण्यासाठी येतात बिचारे, पण त्याच लाइनीत दोन चौक पलीकडचा माणूस साधा ताप घेऊन उभा असतो, तो काहून? मला वाटतं याचं मूळ बरंच जुनं आहे.

१९४६ चा भोर समितीचा रिपोर्ट, देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी ते सांगणारा. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना होती, पैसे असोत नसोत उपचार मिळावेत असं स्पष्ट म्हटलं होतं. १९५२ पासून ही केंद्रं सुरू झाली ती गावात. शहरात काय, मोठी हॉस्पिटलं आहेतच की! नागपुरात मेयो इंग्रजांच्या काळचं, मेडिकल १९४७ चं, बायांसाठी डागा, आणि १९२१ मध्ये कमलाबाई होस्पेट यांनी सुरू केलेला मातृसेवा संघ. सगळं होतं, पण गल्लीतला सरकारी डॉक्टर तेवढा नव्हता. महापालिकेचे दवाखाने होते म्हणा, पण लोकांची सवय मेडिकलचीच. शहरांसाठी वेगळं आरोग्य मिशन आलं ते थेट २०१३ ला.

इन्शुरन्सचं म्हणाल तर ईएसआय पगारातून कटणाऱ्या कामगारांसाठी, इतवारीतला हमाल किंवा घरकाम करणारी मावशी त्यात कुठून येणार. त्यांच्यासाठी राजीव गांधी जीवनदायी योजना, २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात नागपूर नव्हतं, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर लागू झाली आणि तो कार्यक्रम मात्र नागपुरातच झाला, गंमतच आहे. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलं की घरामागे वर्षाला दीड लाखाचं कव्हर. २०१७ ला तिला महात्मा फुलेंचं नाव दिलं, आणि २०२३ मध्ये कव्हर पाच लाख करून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घ्यायचं ठरलं.

पण हे सगळं ठरलेल्या मोठ्या उपचारांसाठी, ऑपरेशनबिपरेशनसाठी. शुगरची महिन्याची गोळी त्यात येत नाही, आणि गरिबाचा खिसा महिन्याच्या महिन्याला तिथंच रिकामा होतो बाप्पा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट केले, त्यात डागा आलं, पण मेडिकल-मेयो पडतात वैद्यकीय शिक्षण खात्यात, म्हणून त्या निर्णयातून बाहेर राहिले. त्याच वर्षी 'आपला दवाखाना', म्हणजे वस्तीतला छोटा सरकारी दवाखाना, राज्यभर सुरू झाला, दुपारी २ ते रात्री १०. ही वेळ मला सगळ्यात कामाची वाटते, कारण सकाळच्या ओपीडीसाठी हमालाला रोजी बुडवावी लागते.