डोंगर ढग अडवत नाही

जुलै उजाडला की सातारा जिल्ह्याच्या पानावर दोन बातम्या शेजारी-शेजारी येतात. एकीकडे महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरच्या पावसाचे आकडे आणि दुसरीकडे पूर्वेच्या कोरड्या माणदेशातल्या, माण तालुक्यातल्या गावांची टँकरची मागणी. मग व्हॉट्सअॅपवर ठरलेला मेसेज फिरायला लागतो: माणदेशात झाडं तोडली म्हणून पाऊस रुसला, झाडं लावा, पाऊस येईल. त्याखाली कुणीतरी उत्तर देतं की झाडांचा काय संबंध, सह्याद्री ढग अडवतो म्हणून पलीकडे पाऊस नाही, शाळेत शिकलो की. यातलं पहिलं म्हणणं चूक आहे. दुसरं अर्धवट आहे, आणि सगळं मर्म नेमकं त्या राहिलेल्या अर्ध्यात आहे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माण तालुक्यातल्या दहिवडी-म्हसवडच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास, आणि वाईट वर्षी त्याच्याही खाली. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर. सांगलीतही तेच चित्र आहे: पश्चिमेला चांदोलीचं दाट जंगल, पूर्वेला आटपाडी आणि जतची माळरानं. कोपेन या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी जगाच्या हवामानाची वर्गवारी लावली, तर एकाच जिल्ह्यात दमट मोसमी आणि उष्ण निमशुष्क असे दोन वेगळे प्रदेश निघतात. सपाट प्रदेशात एवढा फरक दिसायला शेकडो किलोमीटर जावं लागतं.

आता ‘अडवतो’ या समजाकडे. सह्याद्रीने वारा अडवला असता तर सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या कशावर फिरल्या असत्या? त्याच्याही पूर्वेला, सांगलीच्या कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि त्यांना वर्षातला सगळ्यात जोरकस वारा पावसाळ्यातच मिळतो. म्हणजे अरबी समुद्रावरून आलेला वारा माणदेशात पोचतो. ढगसुद्धा पोचतात. जुलैत दहिवडीच्या माळावर उभं राहून वर पाहिलं, तर ढग पूर्वेला पळत असतात, दिवसदिवस ऊन दिसत नाही, अंगावर चार थेंब येतात आणि जमीन काही भिजत नाही. माणदेशातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मग पाऊस गेला कुठे?

याचं उत्तर हवेच्या चढण्या-उतरण्यात आहे. कोकणातलं पोलादपूर समुद्रसपाटीपासून थोडंच उंच, महाबळेश्वर जवळपास चौदाशे मीटरवर, आणि दोन्हींत सरळ अंतर वीसेक किलोमीटर. कोकणातून येणाऱ्या हवेसमोर एवढा उभा कडा आला की तिला वर चढावंच लागतं. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा फुगते. फुगायला लागणारी ऊर्जा ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते आणि थंड होते. बाहेरून कुणी तिला गार करत नाही. हवा कोरडी असेल (म्हणजे बाष्पाचं पाणी होत नसेल) तर दर किलोमीटर चढाईला ती सुमारे 9.8 अंश सेल्सिअसने थंड होते.

जुलैतली कोकणातली हवा 28 अंशांची धरा, बाष्पाने जवळजवळ भरलेली. साधारण चारशे मीटर चढेपर्यंत ती 24 अंशांवर येते आणि बाष्प तिच्यात मावेनासं होतं. इथून पुढे बाष्पाचे बारीक कण व्हायला लागतात. घाट चढताना आपण धुक्यात शिरतो, ते धुकं म्हणजे या ढगाचा तळ. आणि इथेच मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट घडते. पाण्याची वाफ करायला उष्णता द्यावी लागते, तशीच वाफेचं पाणी होताना ती उष्णता परत मिळते, ग्रॅममागे जवळपास अडीच हजार जूल. ही उष्णता हवेतच सुटते, त्यामुळे पुढच्या चढाईत हवा किलोमीटरला 9.8 ऐवजी साडेचार अंशांच्या आसपासच थंड होते. महाबळेश्वरला पोचेपर्यंत तिचं तापमान वीसेक अंशांवर येतं. जुलैत तिथे दिवसा थर्मामीटर पाहा, साधारण हाच आकडा दिसेल.

या प्रवासात किलोभर हवेमागे दोन-तीन ग्रॅम बाष्पाचं पाणी झालं. ऐकायला ते क्षुल्लक वाटतं, म्हणून थोडा हिशेब करू. वारा सेकंदाला 10 मीटर, चढणारा हवेचा थर एक किलोमीटर जाडीचा आणि कड्याची फक्त एक मीटर रुंदी घ्या. दर सेकंदाला तिथून 10,000 घनमीटर, म्हणजे सुमारे 11,000 किलो हवा वर जाते. किलोमागे अडीच ग्रॅम धरलं तर सेकंदाला साधारण 27 लिटर पाणी. ते वाऱ्याच्या दिशेने 25 किलोमीटर लांबीच्या पट्टीत सांडलं असं माना. म्हणजे 25,000 चौरस मीटरवर 27 लिटर, सेकंदाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त. दिवसाचे सेकंद 86,400. गुणाकार केला की रोजचे 90 ते 100 मिलिमीटर हाती येतात. झालेलं सगळंच पाणी खाली पडत नाही हे खरं, पण वरच्या थरांतली हवाही थोडी उचलली जाते. महाबळेश्वरला जुलैत सरासरी रोज किती पाऊस पडतो याच्या जवळ आपण वहीतल्या गुणाकाराने येऊन पोचलो.

यात ढगांचे उंच मनोरे कुठेच आले नाहीत. घाटावरचा जुलैचा पाऊस बहुतेक वेळा बुटक्या ढगांतून, विजा-गडगडाटाशिवाय, तासन् तास पडतो. कणाला कण चिकटून थेंब व्हायला आणि तो खाली यायला अर्धा तास लागला, तर तेवढ्यात वारा त्याला 18 किलोमीटर पुढे नेतो. म्हणून पावसाची सर माथा ओलांडूनही काही अंतर चालू राहते.

पण काहीच अंतर. पाचगणी महाबळेश्वरपासून सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर आणि उंची जवळपास तेवढीच. तरी पाऊस मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उंच जागी जास्त पाऊस हा समज इथे मोडतो. पाऊस उंचीमुळे पडत नाही, चढण्यामुळे पडतो. पाचगणीपर्यंत आलेल्या हवेची चढाई संपलेली असते.

त्यापुढे पसरणी घाट आणि खाली वाई. हवा उतरते, दाब वाढतो, ती दबते आणि तापते, सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं तशी. ढगातले उरलेले कण विरले की तिचं तापणं किलोमीटरला पुन्हा 9.8 अंशांनी. चढताना साडेचार, उतरताना 9.8. या दोन आकड्यांतल्या फरकातच माणदेशाची हवा घडते. वाईच्या उंचीला, सातशे मीटरवर, ही हवा 26-27 अंशांची होऊन येते. कोकणच्या बाजूला त्याच उंचीवर ती 23 अंशांची होती. उष्णता जास्त, बाष्प कमी. ढगातून चार थेंब निघाले तरी या कोरड्या थरातून येता येता निम्मे वाटेतच उडून जातात. उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर असाच वारा उतरतो. 22 जानेवारी 1943 रोजी साउथ डकोटातल्या स्पीअरफिश गावी त्याने दोन मिनिटांत तापमान उणे 20 वरून अधिक 7 अंशांवर नेलं होतं.

दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत याहून मोठा धडा देतो. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात वारे पूर्वेकडून येतात, म्हणून पूर्व उतारावर अॅमेझॉनचं जंगल आणि पश्चिमेला पेरू-चिलीचं वाळवंट. तिथल्या अटाकामाच्या कोरडेपणाला समुद्रातला थंड हम्बोल्ट प्रवाहही कारण आहे. त्याच पर्वताच्या दक्षिण टोकाकडे वारे पश्चिमेचे, तर तिथे चिलीची बाजू चिंब आणि पूर्वेचं पॅटागोनिया कोरडं. डोंगर एकच, कोरडी बाजू उलटी. म्हणजे कोणती बाजू भिजणार हे डोंगर एकटा ठरवत नाही, वाऱ्याची दिशाही ठरवते.

म्हणून झाडं लावली की पाऊस येईल हे म्हणणं चूक. माणदेशात झाडं लावायलाच हवीत, ती माती धरतात, पडलेलं पाणी मुरवतात, मेंढरांना सावली देतात. पण चौदाशे मीटरचा कडा चढून-उतरून आलेल्या हवेत ती बाष्प परत भरू शकत नाहीत. बेडकांची लग्नं लावून आणि महादेवाची पिंड पाण्यात कोंडूनही या हवेचं तापणं थांबत नाही. त्यावर गावाने वर्गणी उधळावी याचं मला दरवर्षी वाईट वाटतं, कारण त्याच पैशात एखाद्या बंधाऱ्यातला गाळ निघाला असता. कृत्रिम पावसाच्या घोषणाही जपून ऐकाव्यात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सोलापूर भागात याचे रीतसर प्रयोग केले आहेत. फवारणीने पाऊस वाढू शकतो, पण तो मुळात दमदार असलेल्या ढगातून. जुलैतले पातळ, पळणारे ढग त्या कामाचे नाहीत.

दमदार ढग माणदेशात येतात ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा पश्चिमेचा वारा मंदावतो, बंगालच्या उपसागरावरून बाष्प येतं, जमीन तापलेली असते आणि हवा डोंगराच्या मदतीशिवाय जागच्या जागी दहा-बारा किलोमीटर उंच उसळते. विजा होतात, तासाभरात ओढे वाहतात. माणमध्ये सर्वांत जास्त पाऊस जुलैत नव्हे, सप्टेंबरात पडतो, आणि शाळूची पेरणी त्या ओलीवर होते. हवामान खातं साताऱ्याच्या घाटमाथ्याला वेगळा इशारा देतं, ते घाटाचा आणि माणदेशाचा पाऊस असा वेगळा असल्यामुळेच. टीव्हीवर ‘साताऱ्यात अतिवृष्टी’ अशी पट्टी फिरली तरी दहिवडीत तिच्या भरवशावर बाजरी पेरू नये. आपल्या मंडलातल्या पर्जन्यमापकाचा आकडा पाहावा आणि जमीन वीतभर उकरून ओल कुठपर्यंत गेली ते बघावं.