पावलाचा मापाचा स्प्लिंट सरकारी योजनेतून कसा मिळवावा : सातारा-सांगलीकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

एडिप ही दिव्यांगांना स्प्लिंटसारखं साहित्य देणारी केंद्र सरकारची योजना. तिच्या शिबिरात साहित्य मिळाल्याची सही एकदा केली, की त्याच कारणासाठी पुढची ३ वर्षं पुन्हा मदत मिळत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत १ वर्षाची आहे. माझ्या आत्याच्या वेळी हा नियम आम्हाला सही झाल्यावर कळला. लकव्यानंतर तिचं उजवं पाऊल लोंबायचं, चालताना बोटं जमिनीला घासायची. तासगाव तालुक्यातल्या वस्तीवरून तिला जीपमध्ये घालून शिबिराला नेलं. तिथे खोक्यातून काढलेला तयार स्प्लिंट मिळाला. टाच आत नीट बसत नव्हती आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडावर कड घासत होती. आठ दिवसांत फोड आला आणि स्प्लिंट माळ्यावर गेला. असं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून ही सगळी वाट सविस्तर लिहितो आहे.

डॉक्टर ज्याला एएफओ म्हणतात आणि आपल्याकडे ज्याला स्प्लिंट किंवा कॅलिपर म्हणतात, तो पोटरीच्या मागून उतरून तळव्याखाली जाणारा आधार. लकवा, पोलिओ, सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोग, गुडघ्याजवळच्या किंवा मांडीतल्या शिरेची म्हणजे मज्जातंतूची इजा (कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शननंतरही ती होते) या सगळ्यांत पाऊल वर उचलणं थांबू शकतं. तो एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे घोट्याचा सांधा झिजलेला, पायाची कमान कोसळलेली किंवा मधुमेहामुळे घोट्याची हाडं खचून पाऊल वाकडं झालेलं. पहिल्या प्रकारात कधी पातळ, लवचीक स्प्लिंट पुरतो. दुसऱ्यात घोटा घट्ट धरणारा, आतून मऊ अस्तर असलेला लागतो. एकाच्या पायातला दुसऱ्याच्या पायात चालत नाही. वाकड्या किंवा सुन्न पायाला तर तयार मापाचा स्प्लिंट देणं धोक्याचंच, कारण टोचलेलं कळत नाही आणि जखम झाल्यावरच दिसतं.

म्हणून सुरुवात अर्जापासून करू नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून करा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, यांपैकी जवळ असेल तिथे अस्थिरोग विभागात केस पेपर काढा. चिठ्ठीवर नुसतं ‘स्प्लिंट’ नको. कोणता पाय, कोणता आजार, घोटा हलता ठेवायचा की बंद, आणि ‘मापाचा बनवावा’ हे शब्द त्यावर लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतात, पण नम्रपणे मागितलं की लिहून देतात. पुढच्या प्रत्येक टेबलावर हीच चिठ्ठी तुमच्या बाजूने बोलते.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

योजनेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. पायाच्या बहुतेक तक्रारी अस्थिव्यंग या प्रकारात बसतात. सेरेब्रल पाल्सी, स्नायूंची झीज आणि बरा झालेला कुष्ठरोग यांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, या दोन्हींचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात तो भरून मिळतो. आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचा फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि चालू मोबाइल नंबर एवढं जवळ ठेवा. मोबाइल घरातल्याच कुणाचा तरी द्या. केंद्रचालकाचा नंबर टाकला तर पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि तपासणीची तारीख हातची जाते.

अर्जात रुग्णालय निवडलं की तपासणी. टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या दिव्यांग मंडळाचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारून मगच एसटीत बसा. तपासणीला एक्स-रे, एमआरआय, शिरांची तपासणी म्हणजे एनसीव्ही, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, सगळे जुने कागद न्या. आम्ही आत्याचे निम्मे कागद घरीच ठेवून गेलो होतो आणि त्यापायी दुसरी फेरी झाली. डॉक्टर सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि तोल पाहून टक्के ठरवतात. जिना उतरता येतो का, उकिडवं बसता येतं का, वावरातल्या ढेकळांतून चालता येतं का, हे खरं खरं सांगा. वाढवून सांगू नका आणि लाजून कमीही सांगू नका. आपल्याकडची वयस्क माणसं, विशेषतः बायका, ‘तसं बरं आहे’ म्हणून टाकतात आणि कागदावर तेच उतरतं.

लकवा किंवा अपघात ताजा असताना प्रमाणपत्रासाठी धावपळ करू नये. उपचार होऊन पाय ज्या स्थितीत स्थिरावतो, त्यावर टक्के ठरतात. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं कार्ड, ८० आणि त्यापुढे निळं, ४० च्या खाली पांढरं. टक्के मान्य नसतील तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येतं. पिवळं किंवा निळं कार्ड हातात आलं की एसटीच्या साध्या गाडीत ७५ टक्के सवलतही मिळते, आणि पुढच्या फेऱ्यांना तिचा फार उपयोग होतो.

उत्पन्नाचा हिशेब

एडिप योजनेत महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण खर्च मिळतो, त्यापुढे ३०,००० पर्यंत असेल तर निम्मा. ही मर्यादा २०२२ पासूनची आहे. तहसीलचा दाखला वर्षाचा असतो, म्हणून असं लक्षात ठेवा : २ लाख ७० हजारांपर्यंत पूर्ण, ३ लाख ६० हजारांपर्यंत निम्मा. रुग्ण घरच्यांवर अवलंबून असेल तर आईवडिलांचं किंवा पालकांचं उत्पन्न धरतात. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड आणि आधार लागतं. जून महिन्यात शाळा-कॉलेजच्या प्रवेशामुळे सेतूत रांगा लागतात. जमलं तर त्याआधीच दाखला काढून ठेवा.

अर्ज कुठे द्यायचा

जिल्हा परिषदेच्या आवारात समाजकल्याण आणि दिव्यांग कल्याणाचं काम पाहणारं कार्यालय असतं. एडिपच्या शिबिरांची तारीख तिथे कळते आणि नाव नोंदवता येतं. पंचायत समितीतही चौकशी होते. अर्जासोबत यूडीआयडी कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, दोन फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ३ वर्षांत असं साहित्य घेतलेलं नाही असं स्वतःच्या सहीचं निवेदन द्या. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. साहित्य बहुतेक वेळा कानपूरच्या अलिम्को या केंद्र सरकारच्या कंपनीकडून येतं. शिबिरं दोनदा होतात, आधी तपासणीचं आणि काही काळाने वाटपाचं. पायाचं माप पहिल्या शिबिरातच घेतलं जातं, त्यामुळे ते चुकवून थेट वाटपाला जाण्यात अर्थ नाही.

शिबिराची वाट पाहणं शक्य नसेल तर आणखी एक दार आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषद यांना आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. ग्रामसेवकाकडे किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत लेखी अर्ज करा, सोबत प्रमाणपत्र, चिठ्ठी आणि स्प्लिंट बनवणाऱ्याचं दरपत्रक जोडा. लहान गावात ही रक्कम थोडीच असते, तरी अर्ज लेखीच द्यावा. तोंडी मागणीची नोंद राहत नाही.

४० टक्क्यांच्या आत असलेल्यांची अडचण खरी आहे. सांधा झिजून रात्रंदिवस दुखणारा घोटा कागदावर २० टक्केच भरू शकतो. अशांना एडिप नाही. मात्र कुष्ठरोगामुळे पाय सुन्न झाला असेल तर एमसीआर चपला (मऊ रबराच्या तळाच्या) प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात. जन्मतः वाकडं पाऊल असलेल्या बाळाला शाळा-अंगणवाडी तपासणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाला दाखवा. त्याचा उपचार वेगळा आहे, आधी प्लास्टर आणि मग खास बूट, आणि तिथे एक आठवडासुद्धा वाया घालवू नये.

माप आणि सही

माप घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली ऑर्थोटिस्ट, म्हणजे स्प्लिंट बनवण्याचं शिक्षण घेतलेली, आहे का, हे विचारा. विचारण्यात गैर काही नाही. खऱ्या मापाच्या कामात पायावर मोजा चढवतात, हाडांच्या जागी पेन्सिलने खुणा करतात, घोटा काटकोनाच्या जवळ धरून प्लास्टर गुंडाळतात. त्या साच्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती बनते आणि तिच्यावर गरम केलेली पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची शीट ओढून स्प्लिंट तयार होतो. नुसती टेप लावून आकडे लिहून घेतले तर ‘हा साच्यावर बनणार का?’ असं विचारा. पाय संध्याकाळी सुजत असेल तर तेही सांगा.

वाटपाच्या दिवशी मोजा घालून, नेहमीचा बूट सोबत घेऊन जा. आपल्या मापापेक्षा एक नंबर मोठा, रुंद तोंडाचा बूट लागतो. चपलेत स्प्लिंट राहत नाही, आणि घरात फरशीवर तो घसरतो म्हणून तळाला रबर लावून घ्यावं लागतं. घालून पंधरा-वीस मिनिटं तिथल्या तिथे चाला, मग काढून पाय पाहा. लाल झालेली जागा अर्ध्या तासात निवळली नाही, टाच वर उचलली गेली किंवा कड हाडावर आली, तर तिथेच सांगा. प्लास्टिक तापवून तेवढी जागा बाहेर काढता येते. हे काम होईपर्यंत सही करू नका. दुरुस्तीसाठी स्प्लिंट परत द्यावा लागला तर तशी लेखी नोंद मागा, त्यावर तारीख असू द्या, आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.