कुटुंब-एकत्रीकरण व्हिसा

परदेशात कायमचं राहणाऱ्या माणसाला आपली बायको किंवा नवरा, मुलं, आईवडील, भावंडं तिकडं बोलावून घेता यावीत म्हणून कायद्यानं ठेवलेली वाट म्हणजे कुटुंब-एकत्रीकरण व्हिसा. सोलापुरात हा शब्द कुणी बोलत नाही. इथं "भावानं फाईल टाकलीय" नाहीतर "आमचा नंबर यायचाय अजून" एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. नियम देशादेशाचे वेगळे आहेत, पण सगळ्यात जास्त वाद आणि सगळ्यात लांब रांग अमेरिकेची, त्यामुळं इथं मुख्यतः तिचंच सांगितलंय.

अमेरिकेच्या नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आईवडील यांच्या व्हिसाला आकड्याची मर्यादा नाही. बाकी सगळ्यांना मर्यादा आहे. सज्ञान मुलं, लग्न झालेली मुलं, भाऊ-बहिणी आणि ग्रीन कार्डवाल्यांचं (म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्यांचं) कुटुंब असे वेगवेगळे गट, आणि या सगळ्यांना मिळून वर्षाला साधारण २ लाख २६ हजार व्हिसा, त्यातले भावंडांना ६५ हजार. ही चौकट १९९० च्या कायद्यानं ठरवली आणि तिच्यावर आणखी एक अट बसलीय की कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, मग तो देश भारताएवढा असो की आइसलँडएवढा. म्हणजे भावंडांच्या गटात भारताला वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास, आणि हे आकडे कुटुंबांचे नाहीत तर माणसांचे आहेत, भाऊ, वहिनी आणि दोन पोरं असली की चार व्हिसा संपले. २०२४ साली भारतातून या गटात ज्यांचा नंबर लागत होता त्यांच्या फाईली २००६ च्या आसपास टाकलेल्या होत्या.

आता या अठरा वर्षांत घरात काय काय होतं ते बघा. फाईल टाकली तेव्हा पोरगी तीन वर्षांची असेल तर नंबर येईपर्यंत ती २१ ची होते, आणि २१ झाली की ती वडिलांच्या फाईलीतून बाहेर. २००२ च्या कायद्यानं थोडी सूट दिलीय, अर्ज मंजूर व्हायला सरकारनं जेवढे दिवस लावले तेवढे वयातून वजा होतात, पण मंजुरीनंतर रांगेत घालवलेली वर्षं वजा होत नाहीत आणि खरा वेळ तर तिथंच जातो. अशी वयाबाहेर गेलेली मुलं आईवडिलांची फाईल टाकल्याच्या जुन्या तारखेवर हक्क सांगू शकतात का हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता, २०१४ साली निकाल बहुतेक मुलांच्या विरोधात लागला. बोलावणारा भाऊच वारला तर फाईल सहसा तिथंच संपते, माणुसकीच्या कारणावरून ती परत उघडायची सोय आहे पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

भावंडांचा गट मुळात आला कुठून? १९२० च्या दशकापासून अमेरिकेत देशवार कोटा होता आणि आशियातल्या लोकांना दार जवळजवळ बंद. १९४६ मध्ये भारताला वर्षाला १०० जागा मिळाल्या. १९६५ च्या कायद्यानं तो कोटा मोडला आणि नात्याला पहिली पसंती दिली, मर्यादेतल्या व्हिसांपैकी २४ टक्के तर एकट्या भावंडांना. नात्याचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये काही जणांचा हिशोब असा होता की आधीच तिथं असलेले युरोपीय लोक आपलेच नातलग आणतील आणि देशाचा चेहरा तोच राहील. झालं उलटंच, युरोपातून यायची लोकांची ओढ कमी झाली आणि आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या माणसांनी आपली घरं जोडून घेतली.

विरोधक याला "चेन मायग्रेशन" म्हणतात, एकामागं एक साखळी. हा शब्द शिवीसारखा वापरलेला ऐकला की मला आमच्या सोलापूरचा पूर्व भाग, विणकरांची वस्ती, आठवतो. तेलंगणातले पद्मशाली विणकर सोलापुरात आले तेव्हा तिकडं निजामाचं राज्य आणि इकडं इंग्रजांचा मुंबई इलाखा, म्हणजे तीही एक सरहद्दच होती. एकजण यायचा, मागावर बसायचा, खोली घ्यायचा, मग भावाला बोलवायचा, मग मेव्हण्याला. चादर आणि टॉवेलचं सोलापूर अशाच साखळीनं उभं राहिलंय. आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात भाकरी कोण देतो, काम कोण दाखवतो, आजारपणात कोण बघतो, तर आधी आलेला नातलगच, आणि हे काम कुठलंच सरकार त्याच्याइतकं स्वस्तात आणि मायेनं करू शकत नाही असं मला मनापासून वाटतं.

नंबर लागला की मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जायचं, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल. त्या फाईलीत सगळ्यात अवघड कागद म्हणजे आईच्या नावाचा. भाऊ-बहीण आहोत हे दाखवायला दोघांच्या जन्मदाखल्यावर आईवडिलांपैकी निदान एक नाव सारखं लागतं, आणि आपल्याकडं लग्नात बाईचं मधलं नाव, आडनाव बदलतं, पुष्कळदा पाळण्यातलं नावसुद्धा. एका दाखल्यावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. मोहोळ, मंगळवेढ्याकडं घरीच बाळंतपण झालेलं असलं तर जन्माची नोंदच नसते, मग नोंद नसल्याचा दाखला आणा, शाळा सोडल्याचा दाखला जोडा, म्हाताऱ्या मामाचं प्रतिज्ञापत्र करा. जुन्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, नुसतं "स्त्री" लिहिलेलं. ती फाईल चाळली की बाईची ओळख किती ठिकाणी पुसली गेलीय ते दिसतं.

अमेरिकेच्या या कायद्यात सुधारणेच्या नावाखाली दोन उलट्या दिशांचे प्रस्ताव आहेत. २०१३ चं मोठं विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी पास झालं, त्यात भावंडांचा गट काढून टाकायचा होता, पण खालच्या सभागृहानं ते मतदानाला घेतलंच नाही. २०१७ च्या आणखी एका विधेयकात शिक्षण-कौशल्याला गुण देऊन माणूस निवडण्यावर भर होता आणि नात्यात फक्त नवरा-बायको आणि लहान मुलं ठेवायची होती. दुसऱ्या बाजूला कुटुंब एकत्र आणण्यासाठीची विधेयकं बऱ्याच वेळा मांडली गेलीत. ग्रीन कार्डवाल्याच्या बायको-मुलांना मर्यादेतून बाहेर काढा, देशाची टक्केवारी वाढवा, मागच्या वर्षांत न वापरलेले व्हिसा परत मोजणीत घ्या, अशा त्यातल्या मागण्या. बायको-मुलांना वेगळं न मोजता फक्त मुख्य अर्जदार मोजा अशीही एक मागणी आहे, नुसत्या एवढ्यानं आपली रांग कितीतरी पटीनं हलेल. मग अठरा वर्षांनी "बोलावणारा भाऊ" आणि "जाणारा भाऊ" दोघंही रिटायर झालेले, हे तरी होणार नाही.

ब्रिटनमध्ये अट पैशाची आहे, जोडीदाराला आणायला २०१२ पासून वर्षाला १८,६०० पाउंड उत्पन्न लागायचं ते एप्रिल २०२४ मध्ये २९,००० केलं. युरोपीय संघानं २००३ मध्ये कुटुंब एकत्र येण्याच्या हक्काचे वेगळे नियम केले.

आईवडिलांचा प्रश्न जरा निराळा आहे. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की त्यांना ग्रीन कार्ड तुलनेनं लवकर मिळतं, पण ते टिकवायचं तर तिथंच राहावं लागतं, आणि जुळे सोलापुरातलं घर, भावकी, डॉक्टर सोडून कायमचं जायची बऱ्याच जणांची तयारी नसते. टुरिस्ट व्हिसावर गेलं तर साधारण सहा महिन्यांत परत. कॅनडानं डिसेंबर २०११ पासून सुपर व्हिसा सुरू केलाय, दहा वर्षांपर्यंत कितीही वेळा ये-जा आणि २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत मुक्काम, फक्त मेडिकल विमा आणि मुलाचं ठरलेलं उत्पन्न दाखवायचं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना हवं असतं ते नेमकं हेच, सोलापूरचा उन्हाळा नातवंडांजवळ काढायचा, बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायची आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला घरी यायचं.